फुलरेंज स्पीकर पुन्हा पुन्हा टोचतोय? ट्रेबलला हात लावण्याआधी हे तपासा

एकाच ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या एकाच भागाचा, फुलरेंज स्पीकर घरात आला की सुरुवातीला माणूस हरखून जातो. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो, शब्दातलं एकेक व्यंजन कळतं, तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकू येते. खालचे सूर वाजवणारा वूफर आणि वरचे वाजवणारा ट्वीटर यांच्यात सुरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर इथे नसतो, त्यामुळे गळा अखंड राहतो. ज्याला त्याची गोडी लागली त्याला मग दुसरं काही रुचत नाही. मीही त्यातलाच. पण थोडे दिवस गेले की बहुतेकांची एकच तक्रार सुरू होते. अर्धा तास ऐकलं की आवाज कमी करावासा वाटतो. गायिका तार सप्तकात गेली की कानाला लागतं. हार्मोनियम नाकातून बोलल्यासारखी वाटते. डग्गा वाजतोय हे कळतं, पण त्याचा घुमार पोचत नाही.

मग उपाय सुरू होतात. टोन कंट्रोलवर ट्रेबल उतरवला की टोचणं कमी होतं, पण जवारीही जाते, आणि दोन दिवसांनी ट्रेबल परत जागेवर येतो. स्पीकर भिंतीला टेकवले की डग्गा घुमायला लागतो, पुढे ओढले की सगळं पुन्हा पातळ. कोणी वायर बदलायला सांगतं, कोणी ॲम्प, कोणी म्हणतं अजून दोनशे तास वाजू द्या. काही आठवडे बरं वाटतं आणि दुखणं परत येतं.

परत येतं, कारण उपचार चुकीच्या जागी होतोय. माझं मत स्पष्ट आहे. फुलरेंज स्पीकरचं टोचणं बहुतेक घरांत वरचा आवाज जास्त असल्यामुळे नसतं, खालचं अंग कमी पडल्यामुळे असतं. आधी खालचं भरून काढा. त्यानंतरही जे टोचेल ते खरं टोचणं, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. हा क्रम उलटा केला की माणूस गोल गोल फिरत राहतो.

सगळ्यात आधी, दोन सोप्या गोष्टी

दोन्ही स्पीकरांचं प्लस-मायनस सारखं जोडलंय का? दीड व्होल्टचा साधा सेल घ्या आणि ॲम्पपासून सोडवलेल्या वायरींना क्षणभर टेकवा. दोन्ही ड्रायव्हरांचे कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारे कागदी पडदे, एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो नुसता वरचा कलकलाट. जुने ड्रायव्हर विकत घेतले असतील तर टर्मिनलवरच्या लाल खुणेवर विसंबू नका.

वायरचं म्हणाल तर २.५ चौरस मिलिमीटरची घरातल्या वायरिंगची तांब्याची वायर तीन मीटर लांब घेतली, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, तर तिचा रोध साधारण ०.०४ ओहम होतो. आठ ओहमच्या ड्रायव्हरला याने पडणारा फरक डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) विसाव्या भागाच्या आसपास असतो. टोचणं तिथे नाही. नवीन ड्रायव्हर वाजून मोकळा होतो हे खरं आहे. त्याचं सस्पेन्शन, म्हणजे कोनाला धरून ठेवणारा लवचिक भाग, सैल पडतं आणि खालचा सूर थोडा उतरतो. सुरुवातीला हलक्या आवाजात वाजवावं हेही योग्यच. पण पुढे जी तीन ते पाच डीबीची तूट सांगतोय, ती कितीही तास वाजवून भरत नाही.

खालचं अंग जातं कुठे

ड्रायव्हर ज्या पुढच्या फळीवर बसवलेला असतो तिला बॅफल म्हणतात. वरच्या सुरांची तरंगलांबी छोटी असते, त्यांना ही फळी भिंतीसारखी वाटते आणि ते सगळे समोर फेकले जातात. खालच्या सुरांची तरंगलांबी फळीपेक्षा खूप मोठी असते. ते फळीला वळसा घालून मागेही जातात, चहूकडे पसरतात. त्यामुळे समोर बसलेल्याच्या वाट्याला ते कमी येतात. हिशेबाने ही घट ६ डीबीपर्यंत जाते. मागची भिंत आणि जमीन थोडं परत करतात, म्हणून घरातल्या खोलीत ती तीन ते पाच डीबीच्या दरम्यान राहते. याला बॅफल स्टेप म्हणतात.

ही पायरी कुठे पडते ते फळीच्या रुंदीवर ठरतं. ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागा. चार इंची ड्रायव्हरच्या नेहमीच्या २० सेंटिमीटर रुंद खोक्यासाठी उत्तर येतं ५७५ हर्ट्झ. त्याच्या आसपास घसरण निम्मी झालेली असते आणि खाली ती वाढत जाते.

आता हे आपल्या संगीतावर लावून बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास आणि तार षड्ज २७७ ला. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज २०८, तार षड्ज ४१५. म्हणजे गळ्याचे जवळजवळ सगळे मूळ सूर पायरीच्या खाली पडतात आणि त्यांचे उपस्वर पायरीच्या वर. मूळ सूर दबला आणि उपस्वर तसेच राहिले की गळा पातळ, नाकातला आणि चढा वाटणारच. त्यात माणसाचा कान तीन-चार हजार हर्ट्झला सगळ्यात तिखट असतो. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्याला बेस गिटार आणि ड्रम कमी पडल्याचं लगेच कळतं. ख्याल किंवा नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला मात्र बेस कमी आहे असं जाणवत नाही, कारण मुळात तिथे फार खालचं काही नसतं. त्याला जाणवतं ते टोचणं. म्हणून आपल्याकडे हे दुखणं हमखास ट्रेबलच्या नावावर जातं.

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत एकच स्पीकर होता आणि तो असा टोचत नव्हता, असं ज्यांना आठवतं त्यांची आठवण खरी आहे. त्या रेडिओचं लाकडी खोकं ४५-५० सेंटिमीटर रुंद असायचं, म्हणजे पायरी २५० हर्ट्झच्या आसपास उतरलेली. वर तो भिंतीला लागून फळीवर ठेवलेला. गळा त्या फळीच्या आश्रयाने पूर्ण पोचायचा. आजची देखणी, सडपातळ खोकी तो आश्रय काढून घेतात.

पुठ्ठ्याची परीक्षा

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं मिळवा. त्याचे जाड पुठ्ठे कापून स्पीकरच्या दोन्ही बाजूंना असे उभे करा की त्यांची कड खोक्याच्या पुढच्या फळीशी अगदी समपातळीत येईल. फट राहिली तर कागदी चिकटपट्टी लावा. एकूण रुंदी मीटरभर झाली पाहिजे. मागून दोन खुर्च्यांच्या पाठींचा आधार द्या, म्हणजे पुठ्ठा थरथरणार नाही. दोन्ही स्पीकरांना हे करून नेहमीच्याच जागी बसा, टोन कंट्रोल सपाट ठेवा आणि जी मैफल सगळ्यात जास्त टोचत होती तीच लावा.

दादरला एका मित्राकडे आम्ही हे केलं. त्याच्याकडे फॉस्टेक्स या जपानी कंपनीचे चार इंची ड्रायव्हर उंच, अरुंद खोक्यात आहेत. हार्मोनियमच्या संगतीची मैफल लावली. पुठ्ठ्याआधी पेटीचे मंद्र सप्तकातले सूर आहेत आणि नाहीत असे होते, भात्याचा आणि पट्ट्यांचा आवाज तेवढा पुढे येत होता. पुठ्ठे लावल्यावर पेटीला पोट आलं. गायिका दोन पावलं मागे सरकून उभी राहिल्यासारखी वाटली आणि तार षड्जावर ती थांबली तेव्हा मित्राचा हात रिमोटकडे गेला नाही. ट्रेबलला कोणी हात लावलेला नव्हता.

पुठ्ठ्याने फरक पडला तर निदान झालं. अजिबात पडला नाही तर पुढचा भाग सोडून खऱ्या टोचण्याकडे जा.

कायमचा उपाय

मीटरभर रुंदीची फळी घरात कोणी ठेवू देणार नाही. त्याऐवजी ॲम्प आणि ड्रायव्हरच्या मध्ये, प्लसच्या वायरीत, एक कॉइल आणि तिला समांतर एक रेझिस्टर बसवायचा. खालचे सूर कॉइलमधून सरळ जातात. वरच्यांना कॉइल अडवते, मग ते रेझिस्टरमधून थोडे दबून जातात. आठ ओहमचा ड्रायव्हर आणि २० सेंटिमीटरची फळी असेल तर १.५ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४.७ ओहमचा १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर इथून सुरुवात करा. यात वरचे सूर साधारण चार डीबी उतरतात. भिंत जवळ असेल तर ३.३ ओहम पुरतो, स्पीकर खोलीत बरेच पुढे असतील तर ६.८ लागेल. रेझिस्टर स्वस्त असतात, तिन्ही आणून ठेवा आणि प्रत्येक आठवडाभर ऐका. एका बैठकीत निर्णय करू नका. कानाला जुन्या चढ्या आवाजाची सवय झालेली असते आणि पहिल्या दिवशी नवा आवाज झाकल्यासारखा वाटतो.

कॉइल हवेच्या गाभ्याची, १८ गेज तांब्याच्या तारेची घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. तयार मिळाली नाही तर मोजून गुंडाळून घ्या. तिचा स्वतःचा रोध अर्ध्या ओहमच्या आत असावा. बारीक तारेची कॉइल घेतली तर तिच्यातच खालचे सूर मरतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. बसवताना ती ड्रायव्हरच्या चुंबकापासून वीतभर लांब ठेवा.

याची किंमत मोजावी लागते. ९२ डीबीचा ड्रायव्हर आता ८८ डीबीचा झाला. तीस-चाळीस वॉटच्या ॲम्पला ते जाणवणार नाही, पण तीन वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पवाल्याने विचार करावा. त्याच्यासाठी रुंद फळीच बरी. ४०-४५ सेंटिमीटर रुंद खोकं दिसायला बोजड असेल, पण ऐकायला ते सुरेख असतं, आणि मला स्वतःला दोन्हींतून निवडायला सांगितलं तर मी रुंद फळी निवडेन.

संगणकावरून किंवा स्ट्रीमरवरून ऐकत असाल तर कॉइलची गरजच नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. त्यात ५०० हर्ट्झच्या आसपास हाय शेल्फ (त्या आकड्याच्या वरचे सगळे सूर एकत्र वर-खाली करणारी सेटिंग) लावून चार डीबी खाली घ्या. खालचे सूर वर चढवण्यापेक्षा वरचे खाली आणणं चांगलं, म्हणजे डिजिटल पातळी फुटत नाही. ज्यांना मोजून काम करायचंय त्यांनी आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइलसह येणारा मायक्रोफोन घ्यावा. जिथे कानाला खात्री वाटत नाही तिथे आलेख वाद मिटवतो.

भिंत

स्पीकर पुढे-मागे सरकवून आवाज बदलतो याला कारण आहे. मागे गेलेले सूर भिंतीवरून परत येतात. ड्रायव्हर ते भिंत हे अंतर ज्या सुराच्या तरंगलांबीच्या पावपट असतं, तो सूर उलटा येऊन मूळ सुराला कापतो. ३४४ ला अंतराच्या चौपटीने भागा. ड्रायव्हर भिंतीपासून अर्धा मीटर असेल तर खड्डा १७२ हर्ट्झला पडतो, म्हणजे बुवांच्या मध्य सप्तकात. ९० सेंटिमीटरला तो ९५ च्या आसपास सरकतो, डग्ग्यावर. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये स्पीकर नेमके याच दोन अंतरांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणून एकतर खोकं भिंतीला जवळजवळ लावा आणि कॉइलचा रेझिस्टर छोटा ठेवा, नाहीतर मीटरच्या पलीकडे आणा. बाजूच्या भिंतीचं अंतर आणि मागच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवू नका, दोन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात.

चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची स्लायडिंग खिडकी असेल तर टाळी वाजवून बघा. मागे टर्रर्र असा शेपटासारखा आवाज आला तर स्पीकरच्या पुढे जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट, एवढं तरी करा.

तरीही टोचत असेल तर

आता जे उरलं ते खरं टोचणं. फुलरेंज ड्रायव्हरचा कोन वरच्या सुरांना एकसंध हलत नाही, त्याचे भाग वेगवेगळे थरथरतात, आणि बऱ्याच ड्रायव्हरमध्ये दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एक उंचवटा येतो. मोठ्या कोनाच्या मधोमध ट्रेबलसाठी चिकटवलेला छोटा कागदी कोन असेल, ज्याला व्हिझर म्हणतात, तर तो आणखी भर घालतो. इंग्लंडच्या लोथर ड्रायव्हरांचं या पट्ट्यातलं ओरडणं जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे आणि तरीही लोक ते जिवापाड जपतात. फॉस्टेक्सचा एफई १०३ हा १९६४ पासून निरनिराळ्या आवृत्त्यांत चालत आला आहे, तो छोटा आणि व्हिझर नसलेला असल्यामुळे या बाबतीत पुष्कळ शांत.

पहिला उपाय फुकट आहे. कोनाच्या व्यासाएवढी तरंगलांबी झाली की आवाज टॉर्चसारखा समोर एकवटतो. चार इंची ड्रायव्हरचा हलणारा कोन आठ सेंटिमीटरचा धरला तर हे ४३०० हर्ट्झच्या आसपास होतं, आठ इंची ड्रायव्हरचं दोन हजारांच्या जरा वर. स्पीकर थेट तुमच्या कानाकडे वळवलेले असतील तर उंचवट्याचा पूर्ण मार तुम्हीच खाताय. त्यांना सरळ करा, किंवा इतके आत वळवा की दोघांच्या रेषा तुमच्या चेहऱ्याच्या हातभर पुढे एकमेकींना छेदतील. दहा-पंधरा अंशांनी फार फरक पडतो. आठ इंचीवाल्यांना तर हेच औषध पुरतं. आत वळवण्याच्या प्रकारात मध्यभागाच्या बाजूला बसणाऱ्यालाही आवाज बरा मिळतो, म्हणून माझी पसंती त्याला.

एवढ्याने भागलं नाही तर गाळणी, म्हणजे फिल्टर. मोबाइलवर टोन जनरेटर घेऊन १५०० पासून ६००० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा, आवाज हलका ठेवा. जिथे सूर एकदम पुढे उडी मारतो तो आकडा लिहून घ्या, डोकं वीतभर हलवून पुन्हा करा. प्रत्येक वेळी तोच आकडा आला तर उंचवटा ड्रायव्हरचा, बदलत राहिला तर खोलीचा. ड्रायव्हरचा असेल तर कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर तिन्ही एकमेकांना समांतर जोडून ती जुडी प्लसच्या वायरीत घाला. ०.३३ मिलिहेन्री आणि ६.८ मायक्रोफॅरड यांची गाठ ३३६० हर्ट्झला पडते. गाळणी तो सूर किती दाबते ते रेझिस्टर ठरवतो, ४.७ ओहमला तीन-चार डीबी. उंचवटा दुसरीकडे असेल तर कपॅसिटर त्या हिशेबाने बदला, मोठा घेतला की गाळणी खाली सरकते. डिजिटलवाल्यांनी तिथेच तीन डीबीचा एक कट लावावा.

डग्ग्याच्या थापेबरोबर गळा थरथरतो

ही तक्रार वेगळी आहे, पण लोक तिलाही टोचणंच म्हणतात. एकच कोन डग्गाही वाजवतो आणि गळाही. डग्ग्यासाठी तो पुढे-मागे जोरात हलला की त्याच वेळी त्याच्यावर स्वार असलेला गळा खराब होतो.

आकडे बघितले की अपेक्षा जागेवर येतात. चार इंची ड्रायव्हरच्या कोनाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आणि एका दिशेची सुरक्षित हालचाल एक मिलिमीटर धरा. बंद खोक्यात, ६० हर्ट्झला, एक मीटरवर त्याच्याकडून जेमतेम ७३-७४ डीबी मिळतात. त्याच हालचालीत १२० हर्ट्झला १२ डीबी जास्त. एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हालचाल लागते. म्हणून मैफलीच्या आवाजात ऐकायचं असेल तर शंभरच्या खालचं काम त्याच्याकडून काढून घ्या. पॉवर ॲम्पचा इनपुट रोध ४७ हजार ओहम असेल तर त्याच्या इनपुटला मालिकेत ०.०३३ मायक्रोफॅरडचा चांगला फिल्म कपॅसिटर लावला की १०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली उतार सुरू होतो. खालचं काम एका छोट्या बंद खोक्याच्या सबवूफरला द्या, त्याचा आवाज इतका हलका ठेवा की बंद केल्यावरच त्याची आठवण व्हावी. सबवूफर लावला तर फुलरेंजचा अर्थ काय उरला, असं काही जण विचारतात. गळा तर अजूनही एकाच कोनातून येतोय, आणि आधीपेक्षा स्वच्छ.

एलपी ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम बघावी. तबकडी वाकलेली असली की ऐकूही येणार नाही इतक्या खालच्या लहरी कोनापर्यंत पोचतात. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या मोकळ्या चरांवर सुई असताना कोनाकडे बघा, बॅटरी हातात धरून. तो हळूहळू आत-बाहेर डुलताना दिसला तर फोनो स्टेजमध्ये, म्हणजे सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात, २० हर्ट्झची सबसोनिक गाळणी हवीच. पोर्ट (हवेला ये-जा करायला ठेवलेलं भोक) असलेल्या खोक्यात हे जास्त होतं, कारण पोर्टच्या सुराच्या खाली कोनाला मागून हवेचा आधारच राहत नाही.

ॲम्प बदलल्यावर दुखणं बदललं?

बदलणारच. भक्कम चुंबकाचे, हॉर्नसाठी बनवलेले ड्रायव्हर ट्रान्झिस्टर ॲम्पच्या घट्ट पकडीत कोरडे वाजतात. सिंगल एंडेड व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट रोध दोन-तीन ओहम असतो, तो पकड सैल करतो आणि खालचा सूर भरतो. ॲम्प बनवणारे अमेरिकन नेल्सन पास यांनी फर्स्ट वॉट या नावाने केलेले करंट सोर्स ॲम्प, म्हणजे आउटपुट रोध खूपच जास्त असलेले ॲम्प, याच तत्त्वाचं पुढचं टोक. पण हाच रोध वरच्या बाजूलाही आवाज चढवतो, कारण ड्रायव्हरचा स्वतःचा रोध तिथे वाढत जातो. म्हणून व्हॉल्व्ह ॲम्प आणल्यावर डग्गा सुधारला आणि टोचणं वाढलं, असं अनेकांना वाटतं ते बरोबर आहे. ड्रायव्हरच्या टर्मिनलांवर १० ओहमचा रेझिस्टर आणि सात-आठ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत जोडून आडवा लावा, वरचा चढ बराचसा सपाट होतो. नेमका कपॅसिटर ड्रायव्हरप्रमाणे थोडा बदलेल.

डब्यातून बोलल्यासारखं

कोन पातळ कागदाचा असतो. मागे गेलेला आवाज उथळ खोक्याच्या पाठीवर आपटून कोनामधूनच पुन्हा बाहेर येतो. ड्रायव्हर काढून त्याच्या बरोबर मागच्या फळीवर लोकरीची जुनी घोंगडी दुहेरी घडी करून खिळवा. फोमपेक्षा लोकर मला जास्त आवडते. त्याच वेळी पुढच्या फळीचं भोक आतून बघा. १८ मिलिमीटर प्लायला सरळ भोक पाडून चार इंची ड्रायव्हर बसवला असेल तर त्याच्या पाठीमागे एक बोगदाच तयार होतो. स्क्रूच्या जागा सोडून भोकाची आतली कड कानशीने तिरकी उतरवा. हे करताना ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत ठेवा, चुंबकात लोखंडाचा कीस गेला तर तो काढणं फार कठीण.

ठरावीक सुरावरच होणारी कुरकुर

एखाद्याच सुरावर बारीक झर्रर्र येतं आणि पुढच्या सुराला नसतं, तेव्हा काहीतरी सैल आहे. टोन जनरेटर ५० पासून ६०० हर्ट्झपर्यंत फिरवा, कुरकुर लागली तिथे थांबा आणि बोटाने एकेक जागा हलकेच दाबत जा. आधी स्क्रू, मग जाळी, मग टर्मिनल. त्यानंतर कोनाच्या मागे वळून बघा. टर्मिनलपासून कोनाकडे जाणाऱ्या दोन विणलेल्या लवचिक तारा असतात, त्यातली एखादी कोनाच्या कागदाला एका ठरावीक सुराला टकटक करत असते. लाकडी काडीने तिला किंचित बाहेर वळवलं की आवाज थांबतो. व्हिझरचा जोड सुटला असेल तर टूथपिकच्या टोकावर पाणी घातलेला फेव्हिकॉल घेऊन फक्त सुटलेल्या जागी लावा आणि रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद नको, तो कागद कडक करतो.

कोनाला दोन्ही बाजूंनी समान बोटं ठेवून अलगद आत दाबल्यावर घासल्याचा आवाज आला तर ड्रायव्हरच्या आतली, कोनाला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या फटीत टेकतेय. बऱ्याच वर्षांच्या ड्रायव्हरमध्ये हे वजनाने खाली ओघळल्यामुळे होतं. ड्रायव्हर सोडवून १८० अंशांत फिरवून बसवा, पुष्कळदा तेवढ्याने घासणं थांबतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी कोनावर पांढुरकी बुरशी धरते. कोरड्या मऊ ब्रशने ती झटका, ओलं फडकं लावू नका, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी स्पीकर वाजता ठेवा. घर महिनाभर बंद राहणार असेल तर सुती कापडाने झाका, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कोनाची कडा फोमची असेल तर पावसाळा संपल्यावर तिला बोट लावून बघा. बोटाला काळं चिकट लागलं तर फोम कुजायला लागलाय. नवी कडा बसवून मिळेपर्यंत तो ड्रायव्हर वाजवू नका, कारण आधार गेलेला कोन तिरका चालतो आणि कॉइल घासून जळते.